मे महिन्यातलं निवासी शिबिर, आपली विशेष मुलं आणि 'आमच्यानंतर काय?'

सावनी_मुलुंड

नमस्कार मंडळी. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक). बोलतो, पण मोजकंच. फार आवाज झाला की कान दाबून बसतो. मुलगी ११ वर्षांची. मे महिना आला की लेकीसाठी शिबिरांची पत्रकं दारात येऊन पडतात. पोहणं, नाटक, गिर्यारोहण, हवं ते आहे. लेकासाठी काहीच नाही. त्याची शाळा बंद, थेरपीच्या ताई गावाला, सोसायटीतली मुलं आजोळी. मुलुंडच्या घरात पंख्याखाली त्याची सुट्टी जाते आणि जूनपर्यंत वर्षभर शिकलेलं निम्मं विसरतो.

यंदा एका शिबिराला फोन केला. "त्याच्यासाठी वेगळी बॅच कुठे असते का बघा" असं सांगितलं. वेगळ्या बॅचेस आहेत, त्या चालवणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण तो वर्षभर वेगळ्याच शाळेत, वेगळ्याच बसमध्ये, वेगळ्याच मुलांत असतो. मला असं शिबिर हवंय जिथे दोन्ही भावंडं जातील, गावाकडे, मोकळ्यावर, रात्री मुक्कामासह. शहापूर, मुरबाड, कर्जत, जव्हार, कुठेही चालेल.

यामागे एक मोठा प्रश्न आहे, तोही लिहूनच टाकते. आम्ही दोघं पन्नाशीच्या आसपास. आमच्यानंतर काय? गावाकडे सगळ्यांनी मिळून राहायच्या वस्त्या असतात असं ऐकलंय. कुणी आपलं माणूस तिथे ठेवलंय का? खरं काय ते सांगा, गोड नको.

दादरच्या_बाई

सावनीताई, मी गेली बरीच वर्षं विशेष शिक्षिका आहे. शिबिर शोधताना 'सर्वसमावेशक' या शब्दावर जाऊ नका, तो आता सगळेच छापतात. संयोजकांना विचारा की माझा मुलगा दिवसभरात करणार काय. "सगळ्यांबरोबर बसेल, मजा करेल" असं उत्तर आलं तर तो नुसता बसून राहणार आहे हे समजा. "सकाळी गोठ्यात चारा टाकायचं काम त्याच्या गटाकडे आहे" असं उत्तर आलं तर पुढचं बोला.

दिवसाचं वेळापत्रक चित्रांतून आधी मागून घ्या आणि घरी पंधरा दिवस आधीपासून दाखवा. उठणं, संडास, नाश्ता, काम, अंघोळ, जेवण, झोप. जागेचे आणि ताई-दादांचे फोटोही त्यात घाला. स्वमग्न मुलांना नवी जागा सोसते, पुढे काय होणार हे न कळणं सोसत नाही. शक्य असेल तर एकदा दिवसभरासाठी नुसतं बघून या, तिथल्या ताटात जेवून या.

रानवाटा

आम्ही काही मित्रमैत्रिणी शहापूर तालुक्यात असं मिश्र शिबिर घेतो. संस्थेचं नाव इथे देत नाही, जाहिरात नको. पण ते कसं चालतं हे सविस्तर लिहितो, म्हणजे इतर कुठे चौकशी करताना उपयोग होईल.

गट आठ मुलांचा. त्यात दोन किंवा तीन विशेष मुलं, दोन पाड्यावरची, बाकी मुंबई-ठाण्याची. प्रत्येक गटाला दोन मोठे ताई-दादा. ज्या मुलाला सतत सोबत लागते त्याच्यासाठी आणखी एक माणूस, पण तो थोडा मागे उभा राहतो. चिकटून उभा राहिला की बाकीची मुलं त्या मुलाशी बोलायचीच थांबतात, जे काय ते त्या मोठ्या माणसाशी बोलतात. हे आम्ही दरवर्षी पाहतो.

सकाळी सहा ते नऊ काम. मे महिन्यात आमच्या भागात रोपवाटिकेच्या पिशव्या भरायचं काम असतं. माती चाळायची, शेणखत मिसळायचं, पिशवी भरायची, बी टोचायचं, पाणी द्यायचं. यात प्रत्येकाला जमेल असा एक तरी टप्पा सापडतो. तेच तेच काम पुन्हा पुन्हा करणं अनेक स्वमग्न मुलांना मनापासून आवडतं. शहरातली चुणचुणीत मुलं दहा पिशव्यांनंतर कंटाळतात आणि आमचा एखादा स्वमग्न मुलगा न थकता भरत राहतो. मग गट त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. ती नजर कुठल्याही भाषणानं तयार होत नाही.

नऊ ते चार उन्हात काही नाही. सावलीत वारली चित्रं, गाणी, झोप. संध्याकाळी करवंदं, जांभळं, पाड्यावरच्या पोरांबरोबर खेळ. खेळाचे नियम गट ठरवतो, पण एक अट असते, कुणालाही 'लिंबूटिंबू' करायचं नाही. मुलांनी यातून फार सुंदर वाटा काढलेल्या आहेत. लगोरीत एकीला चेंडू फेकता येत नव्हता, तर लगोरी रचायचं काम कायम तिचं, आणि ती रचेपर्यंत तिला कुणी बाद करायचं नाही.

एक शांत खोली ठेवतो. पंखा, चटई, गोधडी, एकही वाद्य नाही. ज्याला गर्दी असह्य झाली तो तिथे जाऊन बसतो. ती खोली विशेष मुलांसाठी म्हणून ठेवली होती, पण पहिल्या रात्री आईच्या आठवणीनं रडणारी साधी मुलंही तिथेच जातात.

पालकांना आम्ही मुक्कामाला थांबू देत नाही. हे कठीण जातं, खास करून आयांना. पण आई फाटकापाशी उभी असेल तर मूल शिबिरात येतच नाही, ते फाटकापाशीच राहतं.

भाऊची_बहीण

सावनीताई, मी त्या ११ वर्षांच्या मुलीच्या बाजूनं लिहितेय. माझा भाऊ डाऊन सिंड्रोमचा, आता तिशीत आहे.

दोघांना एकाच शिबिरात पाठवा, पण एका गटात ठेवू नका. संयोजकांना हे आधी स्पष्ट सांगा. लहानपणी आम्हाला जिथे एकत्र पाठवलं, तिथे दुपारपर्यंत मीच त्याची ताई झालेली असायचे. त्याचं ताट मी वाढायचं, तो चिडला की मला हाक, त्याला शी लागली की मला हाक. कुणी मुद्दाम करत नव्हतं. मोठ्यांना सोपं पडायचं एवढंच. मला मात्र त्या शिबिरांत काय शिकवलं ते काही आठवत नाही.

तिला जाण्याआधी सांगा की तिथे दादाची जबाबदारी तिच्यावर नाही, आणि ते खरं आहे याची व्यवस्था करा. भेटतील जेवणाच्या पंगतीत.

आणि तुमचा मोठा प्रश्न. "आमच्यानंतर काय" याचं उत्तर बहुतेक घरांत न बोलता ठरलेलं असतं की बहीण आहे ना. माझं भावावर प्रेम आहे आणि मी कायम त्याच्याबरोबर असणार आहे. पण हे माझ्याशी बोलून ठरवायला हवं होतं. तुमची लेक १८ची झाली की तिला समोर बसवून विचारा.

किन्हवलीकर

मी शहापूर तालुक्यातलाच. मुंबईच्या मंडळींना गावाकडची बाजू सांगावीशी वाटते.

आमच्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. मुंबई ज्या पाण्यावर जगते ते इथून जातं. आणि मे महिन्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो, बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. अशा दिवसांत चाळीस-पन्नास पोरांचं शिबिर घ्यायचं तर पहिला प्रश्न पाण्याचा. संयोजकांना विचारा की पाणी कुठून आणता. गावाच्या विहिरीतून उपसत असतील तर तिथे मुलांना पाठवू नका. टाक्यांत साठवलेलं असेल किंवा बाहेरून आणत असतील, आणि पाड्यालाही त्यातून देत असतील, तर ती माणसं गावात टिकणारी आहेत.

दुसरं. आमच्याकडे दिव्यांग पोरं नाहीत असं कुणी समजू नये. आहेत. ठाकर, कातकरी, वारली घरांत आहेत, आणि त्यांना ना थेरपी ना शाळा. आई वीटभट्टीवर गेली तर पोर तिच्याबरोबर भट्टीवर. पण एक सांगतो, तसं पोर आमच्या पाड्यात बंद खोलीत नसतं. शेळ्यांमागे जातं, लग्नात नाचतं, सगळे त्याला नावानं ओळखतात. मुंबईच्या पोरांकडे थेरपी आहे आणि ओळखणारं गाव नाही. आमच्या पोरांकडे गाव आहे आणि साधं प्रमाणपत्रही नाही. शिबिरात ही दोन्ही पोरं एकत्र आली तर आमच्या पोरांचं प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून द्यायचं कामही शिबिरवाल्यांनी हातात घ्यावं. रानवाटा, तुम्ही करता का?

रानवाटा

किन्हवलीकर दादा, कार्डाचं काम गेल्या वर्षी सुरू केलंय. कागदपत्रं गोळा करणं आणि तपासणीला गाडी करून नेणं एवढं आम्ही करतो. सगळ्यात जास्त अडतं ते जन्माच्या दाखल्यावर. पाण्यासाठी छपराचं पाणी साठवणारी टाकी बांधलीय, मेपर्यंत पुरत नाही, उरलेलं विकत आणतो. पाड्याचा मुद्दा पटला. यंदा तो आधी ठरवू.

निवांत_काका

सावनी, तू विचारलंस की कुणी आपलं माणूस ठेवलंय का. मी ठेवलंय. मुलगा ४१ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता मध्यम. डोंबिवलीला असतो आम्ही. त्याची आई गेली आणि त्यानंतर तो एका ग्रामीण निवासी वस्तीत राहायला गेला. ते ठिकाण कुठलं ते इथे लिहीत नाही, पण या विषयात मी जे पाहिलंय ते सांगतो.

अशा वस्त्यांची एक परंपरा आहे. व्हिएन्नाहून नाझींमुळे परागंदा झालेले डॉक्टर कार्ल क्योनिग यांनी १९३९-४०मध्ये स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनजवळ 'कॅम्पहिल'ची सुरुवात केली. शेती, बेकरी, विणकाम, आणि एकाच घरात दिव्यांग आणि मदतनीस कुटुंबासारखे राहणार, असं त्याचं स्वरूप. त्या विचारातून पुढे जगभर वस्त्या झाल्या. आपल्या पुणे जिल्ह्यात मुळशीच्या कोळवण खोऱ्यात 'साधना व्हिलेज' आहे. तिथे राहणाऱ्या प्रौढांना 'विशेष मित्र' म्हणतात, ते छोट्या घरांतून राहतात, आणि संस्था खोऱ्यातल्या गावांसाठीही काम करते. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. गावाला त्या संस्थेचा उपयोग असेल तर गाव त्या माणसांना आपलं मानतं. आमच्या डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे. ते पालकांनीच एकत्र येऊन उभं केलं.

आनंदवन तर सगळ्यांना माहीत आहे. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. बोटं झडलेल्या माणसांनी तिथे शेती केली, विहिरी खणल्या, माग चालवले. तरुणपणी मी त्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलो होतो, चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात. दिवसा बांधबंदिस्ती, रात्री गाणी. तेव्हा मला मूल नव्हतं, लग्नही नव्हतं. पण हात नसलेला माणूस माझ्याआधी घमेलं उचलून चालायला लागलेला पाहिला होता. मुलगा झाला आणि डॉक्टरांनी निदान सांगितलं, तेव्हा मला तो माणूस आठवला. म्हणून म्हणतो, शिबिर साध्या मुलांसाठीही तितकंच असतं. त्यातली काही पुढे आईबाप होणार, डॉक्टर होणार, सोसायटीचे सेक्रेटरी होणार.

आता खरं काय ते, तू गोड नको म्हणालीस म्हणून. पहिले सहा महिने वाईट गेले. तो रोज संध्याकाळी पिशवी भरून दारात बसायचा. मी दर रविवारी जायचो. तिथल्या ताईंनी मला येऊ नका असं कधी म्हटलं नाही, पण वार आणि वेळ ठरवून या म्हणाल्या. ते बरोबर होतं. आता त्याला रविवार कळतो. पिशवी भरत नाही. त्याच्याकडे कोंबड्यांचं काम आहे आणि अंडी मोजून वहीत रेघा मारायचं काम आहे. मी गेलो की आधी ती वही दाखवतो, मग पाणी देतो.

चाळिशीत त्याला एकदम हलवावं लागलं, कारण परिस्थिती तशी आली. तुझा मुलगा १६चा आहे. दरवर्षी मे महिन्यात आठवडाभर, मग दिवाळीत चार दिवस, असं घराबाहेर राहायची सवय लावलीस तर पुढचं सगळं त्याला हळूहळू कळत जाईल. दुसऱ्याच्या हातचं खाणं, दुसऱ्याच्या हाकेला उठणं, आपली चादर आपण घडी करणं. याला शिबिर म्हण, माझ्या दृष्टीनं ती त्याच्या पुढच्या आयुष्याची तयारी आहे.

कुर्ला_टर्मिनस

काका, तुमच्या लिहिण्याबद्दल पूर्ण आदर ठेवून माझं वेगळं मत मांडतो. मी व्हीलचेअरवर आहे, ३६ वर्षांचा, मुंबईतच नोकरी करतो.

दिव्यांग म्हटलं की गावाकडची वस्ती, हिरवळ, शांतता, हे चित्र मला पटत नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं पाचवं कलम वाचा. समाजात राहण्याचा हक्क त्यात आहे, आणि अमुकच ठिकाणी राहायला हवं अशी सक्ती कुणावर करता येत नाही असं स्पष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचं १९वं कलमही तेच सांगतं, आणि भारतानं तो करार २००७ साली मान्य केला आहे. मुंबईतले फुटपाथ, स्टेशनं, इमारती आमच्यासाठी नीट करण्याऐवजी आम्हाला शंभर किलोमीटर लांब नेऊन ठेवणं हे उत्तर असू शकत नाही. ज्याला मुंबईत राहायचंय त्याला मुंबईत राहता यायला हवं.

शिबिराला माझा विरोध नाही. शिबिरातून परत येता येतं.

दादरच्या_बाई

कुर्ला_टर्मिनस, तुमचा मुद्दा मोलाचा आहे आणि पालकांच्या चर्चेत तो फार क्वचित येतो. माझ्या काही विद्यार्थ्यांना लोकलचा आवाज शारीरिक वेदनेसारखा होतो. त्यांना गाव मानवतं. काहींना दादरची फुलगल्ली, गणपती, वडापावची गाडी हेच जग आहे. त्यांना हलवलं तर ते कोमेजतात. निवड त्या माणसाची हवी, आणि बोलता येत नसलं तरी ती निवड कळते. शिबिराहून आल्यावर मूल कसं झोपतं, जेवतं, पुन्हा पिशवीकडे बोट दाखवतं का, हे बघा. तेच त्याचं मत.

निवांत_काका

कुर्ल्याच्या मित्रा, तू म्हणतोस ते मला मान्य आहे. मुलाला डोंबिवलीतच चार मित्रांसह एका फ्लॅटमध्ये ठेवायची सोय असती तर मी तीच निवडली असती. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासानं 'घरौंदा' योजना १८ वर्षांवरच्यांच्या सामूहिक घरांसाठीच काढली, पण तशी घरं आपल्या शहरांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जागेचा भाव तुला माहीत आहे. कुठल्या सोसायटीनं असं घर आनंदानं आत येऊ दिलं तर मला जरूर कळव, मी अजूनही तयार आहे.

डॉ_ठाणे

वैद्यकीय बाजू थोडक्यात, कारण मे महिन्यात याच चौकश्यांचे फोन येतात.

ऊन: आकडी येऊ नये म्हणून दिली जाणारी काही औषधं, उदाहरणार्थ टोपिरामेट, घाम कमी करतात. अशा मुलांचं अंग उन्हात पटकन तापतं. वागणुकीसाठी रिस्पेरिडोन चालू असलेल्या मुलांनाही उष्णतेचा त्रास लवकर होऊ शकतो. औषध बंद करायचं नाही. संयोजकांना लेखी कळवायचं आणि त्या मुलाला दर तासाला पाणी द्यायचं. तहान लागली हे अनेक मुलं सांगत नाहीत.

आकडी: शिबिरातल्या प्रत्येक ताई-दादाला हे पाठ हवं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ लावा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांवर चालली किंवा पाठोपाठ दुसरी आली तर गाडी काढा. डॉक्टरांनी आकडी थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिला असेल तर तो औषधांच्या डब्यात नव्हे, गटप्रमुखाच्या खिशात हवा.

साप: मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि कित्येकदा खूणही दिसत नाही. खाट, किंवा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. रात्री संडासला जाताना विजेरी आणि सोबत. प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं आणि तिथवर किती मिनिटं लागतात, हे संयोजकांना न अडखळता सांगता यायला हवं.

गोळ्या शिबिराच्या दिवसांपेक्षा दोन दिवसांच्या जास्त द्या, मूळ पाकिटात, चिठ्ठीच्या छायाप्रतीसह.

सावनी_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती मीच विचारते. रात्रीची सुरक्षितता. त्याच्याशी कुणी वाईट वागलं तर तो मला सांगू शकणार नाही. ही भीती मनातून जात नाही. कशी तपासायची जागा?

कुर्ला_टर्मिनस

ताई, ही भीती रास्त आहे. 'लार्श' ही फ्रान्समध्ये १९६४ साली सुरू झालेली, दिव्यांग आणि इतर एकत्र राहण्याची जगप्रसिद्ध चळवळ. आपल्याकडे 'आशा निकेतन' नावानं १९७०पासून बंगळूरला तिची वस्ती आहे. तिचे संस्थापक जाँ व्हानिए यांना जग संत मानायचं. ते वारल्यावर, २०२० साली, त्याच संस्थेनं नेमलेल्या चौकशीतून बाहेर आलं की त्यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. संस्थेनं ते स्वतः जाहीर केलं, याचा मला आदर वाटतो. आपण त्यातून एवढं घ्यायचं की संस्थापकाच्या थोरवीवर विश्वास टाकून थांबायचं नाही. रात्री दरवाजा कोण उघडतं ते विचारायचं.

दादरच्या_बाई

मी पालकांना असं सांगते. रात्री एकटा माणूस कधीही मुलांबरोबर नसावा, दोन हवेत. अंघोळ-कपड्यांत मदत कोण करणार त्याचं नाव आधी कळावं, मुलींना बाईच हवी. पालकानं न कळवता यावं हे संस्थेला चाललं पाहिजे. कुरकुर झाली तर तिथेच उत्तर मिळालं. निवासी संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा, दिव्यांग कायद्याखाली नोंदणी लागते. मूल १८च्या आतलं असेल तर पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा, २०१२) लागू होतो, आणि अत्याचाराचा संशय असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे, हे कर्मचाऱ्यांना माहीत आहे का ते त्यांनाच विचारा.

मुलाला घरी शिकवायचंही आहे. शरीराच्या चित्रावर कुठे कुणी हात लावायचा नाही ते दाखवायचं, 'नको' म्हणायचा एक शब्द किंवा खूण पक्की करायची, आणि घरात त्यानं ती खूण केली की आपण थांबायचं. आजीनं गालगुच्चा घेताना तो नको म्हणाला तर आजीनंही थांबायचं. घरात 'नको'ला किंमत असेल तरच तो बाहेर म्हणेल.

फोर्टच्या_वकीलबाई

सावनीताई, मुलगा १६चा आहे म्हणून कायद्याचं आत्ताच लिहिते. तो १८ वर्षांचा झाला की कायद्यानं तुम्ही त्याच्या पालक उरत नाही. बँक, निवासी संस्थेचा करार, कुठेही तुमच्या सहीला आधार लागेल. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याच्या १४व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करायचा. मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, म्हणजे तुमचं कार्यालय वांद्रे पूर्व. त्याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत आहे, ती काढली नसेल तर या आठवड्यात काढा.

इच्छापत्रात मालमत्ता थेट मुलाच्या नावे ठेवू नका. विश्वस्त निधी करा. विश्वस्त तीन असावेत आणि निवासी संस्थेचा माणूस त्यात नसावा. घरात कुणी सरकारी नोकरीतलं असेल तर दिव्यांग अपत्याला पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण नाव हयातीतच कार्यालयात नोंदवून ठेवा. पालक गेल्यावर ते सिद्ध करताना भावंडांची फार ओढाताण होते, मी रोज बघते.

भाऊची_बहीण

वकीलबाई, विश्वस्तांत बहिणीला घ्यायचं तर तिला महिन्याच्या हिशेबाची सवय आईबाबा असतानाच लावा, हे माझं त्यात जोडते.

सावनी_मुलुंड

गेल्या रविवारी आम्ही चौघं शहापूरकडे जाऊन आलो. रानवाटांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता. आसनगावला उतरलो, पुढे जीप. लोकलमध्ये लेक कान दाबूनच होता. तिथे पोचल्यावर अर्धा तास जीपमधून उतरेना. कुणी त्याला ओढलं नाही, बोलावलंही नाही. एक पाड्यावरचा मुलगा जीपच्या सावलीत माती चाळत बसला. थोड्या वेळानं हा उतरला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. चाळणी हातात घेतली नाही. पण तासभर तिथेच बसला, आणि कान झाकलेले नव्हते.

नवरा रात्रीच्या व्यवस्थेची एकेक गोष्ट विचारत होता. दोन माणसं, मच्छरदाण्या, रुग्णालय, गाडी. गाडी गावातल्या दुसऱ्याची आहे, रात्री मिळेल याची खात्री त्यांनी फोन लावून करून दिली. पण शिबिराच्या दिवसांत ती अंगणातच उभी राहील असं लेखी द्या, म्हणून आम्ही आग्रह धरला आहे. पाण्याचंही विचारलं, किन्हवलीकर दादा. टाकीचा नळ पाड्याच्या बाजूनं काढायचं काम सुरू झालेलं दिसलं.

लेकीशी बोलले. "मग मी त्याला उठवायचं नाही ना?" तिनं दोनदा विचारलं. नाही म्हटलं, तर लगेच मैत्रिणीला फोन करून तू पण चल म्हणाली.

पूर्ण आठवडा नाही, आधी तीन रात्री करतोय दोघांच्या. काका, दिवाळीचंही बोलून ठेवलंय. कुर्ला_टर्मिनस, परत आल्यावर तो काय सांगतो ते बघूनच पुढचं ठरवू, तुमचं म्हणणं डोक्यात आहे. वांद्र्याच्या अर्जासाठी कागदांची यादी कुणाकडे असेल तर द्याल का? आणि डॉक्टर, त्याला रिस्पेरिडोन चालू आहे, उन्हाबद्दल संयोजकांना द्यायच्या चिठ्ठीत नेमकं काय लिहू?

डॉ_ठाणे

चिठ्ठी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच घ्या, त्यांच्या लेटरहेडवर. औषधाचं नाव, मात्रा, वेळ, आणि हे तीन मुद्दे: नऊनंतर ऊन नाही, दर तासाला पाणी समोर धरणे, आणि अंग तापून सुस्ती आली तर ओल्या फडक्यानं पुसत गाडीत घालून रुग्णालयात नेणे. अंग इतर वेळेपेक्षा ताठर वाटलं तरीही वाट बघू नका. एक प्रत लेकाच्या पिशवीत, एक गटप्रमुखाकडे.

फोर्टच्या_वकीलबाई

अर्ज १८ पूर्ण झाल्यावर करायचा आहे, पण कागद आत्तापासून जमवा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, त्याचा जन्मदाखला, तिघांची आधार कार्डं, राहत्या जागेचा पुरावा, फोटो. प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असेल तर ती आधी बघा, मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावरच बहुतेक अर्ज अडतात. वांद्र्याला जाण्यापूर्वी एकदा फोन करून यादी ताडून घ्या. मीही येईन बरोबर, व्यनि करते.

किन्हवलीकर

ताई, मुलांना पाठवाल तेव्हा आसनगावहून सकाळची जीप धरा, अकरानंतर रस्ता तापतो. पोरांना पायात बूट द्या, चपला नकोत. आणि करवंदं खाऊन कपड्यांना डाग पडतील, नवे कपडे देऊ नका. त्या दिवसांत मी गावातच आहे. संध्याकाळी तिकडून एक फेरी मारीन, पोरांशी बोलेन आणि इथे कळवीन.